वेस्तेरोस

मे महिना, भुसावळ. रात्री साडेदहालाही
गच्चीची फरशी तळपाय टेकू देत नाही.
बादलीभर पाणी ओतलं की ती आधी चुरचुरते,
मग गादी टाकायची
आणि मोबाइलच्या उजेडात रोज एक शहर.

काल उमेओ. तिथं कधीकाळी सगळं जळालं,
म्हणून त्यांनी रस्त्याकडेनं बर्च लावले,
आगीनं या घरातून त्या घरात जाऊ नये.
पांढऱ्या खोडाचं झाड मी फक्त
दीपनगरच्या वाटेवर पाहिलंय:
चुना मारलेला कडुनिंब.

परवा मालमो. पूल ओलांडला की दुसरा देश.
म्हणजे आपलं रावेर, पुढं बऱ्हाणपूर,
जिथं दुकानदार वाक्याच्या मधेच हिंदीत जातो.

फालक काकांनी गार्डाच्या नोकरीत एकतीस वर्षं
शेवटच्या डब्यातून मागं सरकणारी गावं पाहिली.
त्यांना शहरं नकोत. "जंक्शन कोनतं ते सांग."
चष्मा कपाळावर, बोटानं रूळ चाचपत
आठवड्याभरानं त्यांनीच शोधलं: हाल्सबेर्य.
"समद्या लायनी अठीच येतात पाह्य.
यार्ड मोठं, गाव बारकं. हे तुह्यं भुसावळ.
रस्ता चुकली त अठी ये."
वहीत तसंच उतरवून घेतलं,
ट्रान्सफॉर्मरच्या आकृतीशेजारी.

मला जायचंय वेस्तेरोसला, अठ्ठावीस महिने,
वाइंडिंग तपासायला.
तांबं तिथलंही तांबंच असेल.
ते शहर स्वतःला काकडीचं गाव म्हणवतं.
कळलं तेव्हा एकटीच हसले, मग आईला सांगितलं.
ती हसली नाही. भरताची वांगी निवडत होती,
देठाशी काटा आहे का बघत.
"मंग पानी चांगलं असंन."

तिकडं पिझ्झ्यावर केळं घालतात, वरून मसाला,
हेही सांगितलं.
यावर मात्र बराच वेळ गप्प.
"पिकेल का कच्चं?"

किरुनाला मी जाणार नाही, ते फार वर आहे.
पण त्याचं वाचताना झोप उडाली.
खालून खाण पोखरत आली,
म्हणून गावच उचलून पूर्वेला नेतायत,
चर्च अख्खंच्या अख्खं, चाकांवर.
आईनं मोबाइल हातात घेतला.
एरवी ती लांबूनच बघते.
हतनूरचं पाणी चढायच्या आधी
तिचं माहेर असंच हललं होतं.

"आमचा मारोती बैलगाडीत बसून गेला.
तोंड मागं करून.
काया रानात चुन्याच्या रेघा, रेघांमधी नंबर.
कोनाचं घर कोनापाशी, आम्हा पोरींचं समदं पाठ.
माही माय रोज सांजी
रिकाम्या प्लाटात जाऊन बसे. नुसती बसे.
मी म्हने, काय करते व माय?
म्हने, ओयख करून ठेवते."

तेव्हापासून शहरं बदलत नाही.
रोज वेस्तेरोसच्या एकाच वळणावर थांबते,
काळ्या नावाच्या नदीकाठी, बाकाजवळ.
चित्रात एक बाई सायकल धरून उभी,
चेहरा पुसट केलेला.
दीड महिना झाला, ती गेलेली नाही.

त्यांच्याकडं एक अक्षर आहे,
डोक्यावर पोकळ टिकली.
तेवढ्या एका अक्षराचा अर्थ नदी.
आणि वेस्तेरोस म्हणजे मुळात
पश्चिमेकडचं नदीचं मुख.

"पश्चिमेले त आपली तापीच जाते,"
आई म्हणाली, जसं काही मी एवढे दिवस
उगाच शोधत बसले होते.

यार्डात मालगाडी शिरली. पलीकडच्या गच्चीवर
काका झोपेतच डबे मोजत असतील.
मी उजेड विझवणार, तेवढ्यात
ती कुशीवर वळून, डोळे मिटलेलेच:

"त्या सायकलवालीले इचार,
तठी खोलीचं भाडं काय पडते."